परक्या चुलीचे अन्न

बाहेरच्या खाण्याविषयी मराठी घरात एकमत झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. खाणाऱ्याचे तोंड खाण्यात गुंतलेले असते, त्यामुळे बोलण्याचे काम न खाणाऱ्याकडे येते. आणि तो ते मनापासून करतो. आमच्या आजीचा या बाबतीतला सिद्धांत अगदी सोपा होता : ज्या चुलीचा धूर आपल्याला दिसत नाही, तिच्यावरचे अन्न पोटात घालू नये. जळगावाहून धुळ्याला जायचे तरी दशम्या आणि लसणाची चटणी बरोबर बांधली जाई. आजोबा कोर्टाच्या कामाला धुळ्याला जात, तेव्हा ती पुरचुंडी जशी नेत तशीच बहुधा परत आणीत. "खायला सवडच मिळाली नाही," असे ते सांगत. पण त्यांच्या उपरण्यावरचा तांबडा डाग काही वेगळेच सांगे. खानदेशी रश्श्याची तर्री हा मोठा पक्का साक्षीदार आहे. कितीही धुतला तरी साक्ष फिरवीत नाही.

आजी काही म्हणो, परक्या चुलीचे अन्न घरी आणून खाण्याची रीत आमच्या भागात जुनीच आहे. 'पार्सल' हा शब्द तिला मागाहून चिकटला. थंडी पडू लागली की जळगावात भरिताचे दिवस येतात. बामणोद-आसोद्याकडची ती हिरवी, पांढऱ्या रेघांची, हाताच्या पंजात न मावणारी वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजायची, लाकडी पात्रात ठेचायची आणि हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात घालून परतायची, हे काम घरच्या गॅसवर व्हायचे नाही. म्हणून लोक किलोकिलोने भरीत विकत आणतात आणि घरच्या पुऱ्यांबरोबर किंवा कळण्याच्या भाकरीबरोबर खातात. शेवेच्या भाजीचेही तसेच. रस्सा एका पिशवीत आणि शेव दुसऱ्या पिशवीत. घरी पोचेपर्यंत शेवेचा लगदा होता कामा नये, हे खानदेशी पार्सलशास्त्राचे पहिले सूत्र आहे. आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरचे मांडे. मऊसूत कणकेत पुरण भरून तो गोळा दोन्ही हातांवर फिरवीत फिरवीत कोपरापर्यंत वाढवायचा आणि तापल्या खापरावर अलगद टाकायचा, ही विद्या आता थोड्या घरांत उरली आहे. बाकीची घरे मांडे करणाऱ्या बाईला आठ दिवस आधी सांगून ठेवतात.

सांगायचे तात्पर्य, २०२० साली करोनाची साथ आली आणि 'बाहेरचे अन्न घरात आणावे की नाही' हा प्रश्न उभा राहिला, तो आमच्याकडे केवळ चैनीचा प्रश्न नव्हता. त्यात कोणाची जीभ गुंतली होती, कोणाचा सण गुंतला होता आणि कोणाचे पोट गुंतले होते.

ते दिवस वाचकांच्या स्मरणात असतीलच. ९ मार्चला पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले. २२ तारखेला जनता कर्फ्यू झाला. २४ तारखेच्या मध्यरात्रीपासून सारा देश दारे लावून बसला, आणि महिना संपण्याच्या आत आमच्या जळगावातही पहिला रुग्ण निघाला. मग घराघरांतून अशी काही स्वच्छता सुरू झाली की आजी असती तर तिने सर्वांची दृष्ट काढली असती. दुधाच्या पिशव्यांना साबणाने आंघोळ, भाजीला सोड्याच्या पाण्यात डुंबणे, दहाच्या नोटेला इस्त्री. एप्रिलमध्ये काही दिवस वर्तमानपत्रे घरोघर टाकण्यालाही सरकारने मनाई केली होती.

या साऱ्याला आज हसणे सोपे आहे. पण ती भीती अडाणी नव्हती. मार्चच्या मध्याला अमेरिकेतील शास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. हा विषाणू पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत आणि प्लॅस्टिकवर ७२ तासांपर्यंत सापडतो, असे त्यात आढळले होते. प्रयोगशाळेत मुद्दाम भरपूर विषाणू पृष्ठभागावर सोडले होते, तासागणिक त्यांची संख्या झपाट्याने उतरत होती आणि शेवटी उरला तो नुसता मागमूस होता, हे तपशील मागे राहिले. '७२ तास' तेवढे घरोघर पोचले. त्यातच एप्रिलच्या मध्याला दिल्लीची बातमी आली : पिझ्झा पोचविणाऱ्या एका तरुणाला करोना झाला होता आणि त्याने ज्यांच्या दारात डबे नेले होते अशा ७२ कुटुंबांना घरात अलग राहायला सांगण्यात आले होते. आणि आमच्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर मे-जूनमध्ये जळगावात बाधितांपैकी दगावणाऱ्यांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेले होते. अशा गावात माणूस पार्सलच्या पिशवीकडे साप पाहावा तसा पाहू लागला, तर त्याला वेडा कोण म्हणेल?

आमच्या घरी हा प्रश्न आखाजीच्या निमित्ताने आला. त्या वर्षी आखाजी २६ एप्रिलला होती. खानदेशात हा सण लेकींचा. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, पितरांची घागर पुजली जाते, आमरस आणि मांडे होतात. माझी थोरली बहीण, आमची आक्का, धुळ्याला देवपुरात असते. लग्न झाल्यापासून तिने आखाजी क्वचितच चुकवली असेल. एरंडोल-पारोळ्यावरून ही वाट दोन-अडीच तासांची. पण त्या वर्षी जिल्ह्याच्या सीमेवर अडथळे लागले होते आणि आक्का येणार नव्हती. "मी नाही तर नाही, घागर तर भराल ना? मग मांड्यांवाचून नैवेद्य कसला?" असे तिने फोनवरून बजावले.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक मावशी मांडे करून देतात. नवरा गेल्यापासून त्यांचा संसार त्या खापरावरच उभा आहे. आखाजीचे आठ-दहा दिवस म्हणजे त्यांचा सुगीचा काळ. त्या वर्षी मागण्या एकामागून एक रद्द होत होत्या. आमच्या घरात यावर बैठक बसली. मुलगा म्हणाला, "या वर्षी नको. कशाला उगाच जोखीम?" सूनबाई शाळेत विज्ञान शिकवते. ती म्हणाली, "अन्नातून हा आजार होतो असे कुठे दिसलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आणि अन्न व कृषी संघटनेने याच महिन्यात तसे लिहून काढले आहे. अन्नातून किंवा त्याच्या वेष्टनातून लागण होण्याची शक्यता अगदीच कमी. आणि खापरावर तर काय टिकणार?" आमच्या सौभाग्यवतींनी दोघांचे ऐकून घेतले आणि मावशींना फोन लावला.

मावशी प्रथम हसल्या. "ताई, खापर तापलं का त्याच्यावर माशी टेकत नाही. तो करोना काय टेकीन?" म्हणाल्या. आणि मग क्षणभर थांबून त्यांनी विचारले, "पण ताई, तुमच्या घरी कोणाला ताप-खोकला नाही ना?"

मुलाच्या कपाळावर आठी उमटलेली मी पाहिली. अन्न आपण मागवायचे, पैसे आपण मोजायचे आणि चौकशी आपलीच? पण हिने सरळ उत्तर दिले : "आजारी कोणी नाही, पण मुलगा बँकेत आहे, त्याला रोज जावे लागते." "मग असं करा," मावशी म्हणाल्या, "डबा अन् पैसे ओट्यावर ठेवा. मी मांडे ठेवून हाक मारीन. मी फाटकाबाहेर गेली का मग या. मला काही झालं तर माझ्या नातवाला कोण पाहीन?"

त्या दिवसापर्यंत मी या विषयावरचे जेवढे काही वाचले आणि ऐकले होते, ते सारे दाराच्या आतल्या माणसाने विचारलेले होते. बाहेरून येणारे अन्न *मला* बाधेल काय? ही पिशवी *मी* कशी धुवावी? मावशींनी तोच प्रश्न दाराच्या बाहेर उभे राहून विचारला, आणि त्याबरोबर तो प्रश्न निम्मा सुटला असे मला वाटते. कारण या आजाराची वाट ताटातून जात नव्हती. ती श्वासातून जात होती. आणि श्वासाला दोन टोके असतात.

प्रत्येक साथीची येण्याची वाट वेगळी असते. ती सापडेपर्यंत माणूस सगळ्याच वाटा बंद करीत सुटतो. आमच्या खानदेशाला साथ काही नवी नाही. बहिणाबाई चौधरींच्या मुलाला प्लेगमुळे कायमचे अपंगत्व आले होते, हे त्यांच्या चरित्रात आपण वाचतो. प्लेगच्या काळात लोक गाव सोडून माळावर झोपड्यांत राहायला जात. तो रोग उंदरांच्या अंगावरच्या पिसवांतून माणसाकडे येतो, हे १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत प्रयोग करून दाखविले. पटकीचे विष हवेत असते असे इंग्रज डॉक्टर मानीत. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाकडे बोट दाखवून जॉन स्नो यांनी ते पाण्यात असल्याचे सांगितले. आणि परक्या चुलीच्या अन्नाला भ्यावे असेही रोग आहेतच. न्यूयॉर्कची मेरी मॅलन ही स्वयंपाकीण स्वतः ठणठणीत होती. पण तिच्या हातचे खाणाऱ्या कुटुंबांत विषमज्वर निघत गेला. १९०७ साली तिचा छडा लागला, तिला अडकवून ठेवले. पुढे सुटल्यावर नाव बदलून ती पुन्हा स्वयंपाकच करू लागली आणि १९१५ साली परत सापडली. आमच्या आजीला ही हकीकत ठाऊक असती तर आजोबांचे काही खरे नव्हते.

करोनाची वाट मात्र यांपैकी एकही नव्हती. बोलताना, खोकताना, नुसता श्वास सोडताना जे सूक्ष्म तुषार हवेत येतात, त्यांच्यावर स्वार होऊन तो बंद खोलीत एकाकडून दुसऱ्याकडे जात होता. सत्तर अंशांच्या उष्णतेत तो पाच मिनिटांत निकामी होतो, हे प्रयोगात दिसले; उकळत्या रश्श्याची तर गोष्टच सोडा. पिशवीच्या स्पर्शाचे म्हणाल तर, अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये अंदाज दिला, की दूषित पृष्ठभागाला हात लागल्याने लागण होण्याची शक्यता सामान्यतः दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. हात धुतले की तीही उरल्यासारखीच.

मग पार्सलमध्ये धोका नव्हताच काय? होता, पण पिशवीत नव्हता. तो दुकानाच्या फळीशी एकमेकांच्या खांद्यावरून "दोन शेवभाजी, तिखट कमी" असे ओरडणाऱ्या गर्दीत होता. तो खिडकी नसलेल्या भटारखान्यात होता, जिथे चार माणसे दिवसभर एकमेकांच्या श्वासात उभी होती. आणि तो दहा दारांवरच्या दहा माणसांसमोर क्षणभर उभ्या राहणाऱ्या त्या पोचविणाऱ्या मुलाच्या वाट्याला होता. महाराष्ट्रात उपाहारगृहांत बसून खाण्याची परवानगी ५ ऑक्टोबर २०२० पासून, तीही निम्म्या जागांपुरती, मिळाली. तोवर त्यांच्या चुली पेटत्या राहिल्या त्या पार्सलवरच. म्हणजे आपण घरात सुरक्षित राहावे म्हणून जी जोखीम होती ती नाहीशी झाली नव्हती. ती आपल्या हातून दुसऱ्याच्या हाती गेली होती. अशा वेळी आपण त्याची पिशवी धुतली. त्याला पाणी विचारले काय?

मला त्या काळात सर्वांत जास्त अस्वस्थ केले ते एका जुन्या, मेलेल्या म्हणून आपण समजत होतो त्या गोष्टीच्या परत येण्याने. कोणी वरच्या मजल्यावरून दोरीने पिशवी सोडी, ते ठीक. पण कोणी हातावर पैसे ठेवताना वरून टाकी. "तिकडेच उभा राहा", "शिवू नकोस", "पायरीवर ठेव" — हे शब्द आमच्या पिढीने लहानपणी ऐकले होते आणि ते पुन्हा ऐकायला लागतील असे वाटले नव्हते. आरोग्यासाठी अंतर ठेवावेच लागत होते, यात वाद नाही. मावशींनीही ठेवलेच की! पण अंतर आणि विटाळ यांत फरक आहे. विटाळात मी शुद्ध आणि तू अशुद्ध हे आधीच ठरलेले असते. संसर्गात कोण कोणाला काय देईल, हे दोघांनाही ठाऊक नसते. म्हणून अंतर दोघांनी दोघांसाठी ठेवायचे असते. अमळनेरच्या शाळेत शिकविणारे आणि १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने उतरवून घेणारे साने गुरुजी, १९४७ साली पंढरपुरात उपोषणाला बसले ते विठोबाचे दार हरिजनांना उघडावे म्हणून. त्यांच्या खानदेशात एका विषाणूचे निमित्त करून जुना विटाळ मागच्या दाराने घरात शिरू द्यायचा नव्हता. मावशींनी ओट्यावर मांडे ठेवले, फाटकाबाहेर जाऊन हाक मारली आणि आम्ही दोघांनी दारातून हात जोडले, तेव्हा अंतर होते, विटाळ नव्हता.

ते मांडे आम्ही तव्यावर पुन्हा गरम केले. ते सुरक्षिततेसाठी की चवीसाठी, हे मी सांगणार नाही. घागर भरली, नैवेद्य झाला आणि आक्काला फोनवर ताट दाखवले.

त्यानंतरच्या वर्षी हा प्रश्न पुन्हा आला, आणि आला तो उलटा होऊन.

२०२१ च्या एप्रिलची दुसरी लाट पहिलीहून भयंकर होती. निर्बंध परत आले, उपाहारगृहांना पुन्हा पार्सलपुरती मुभा राहिली. त्याच महिन्यात धुळ्याला आक्का आणि भाऊजी दोघेही बाधित झाले. मुलगा पुण्याला, तोही अंथरुणावर. डॉक्टरांनी घरीच अलग राहायला सांगितले. दोघेही सत्तरीच्या आसपास. ताप इतका की चुलीपाशी उभे राहवेना. मी इथे जळगावात, मधे पंचाण्णव किलोमीटर, आणि जाऊन करणार तरी काय? शेवटी देवपुरातल्या एका छोट्या खानावळीचा नंबर मिळाला. नवरा-बायको चालवतात आणि त्यांचा पुतण्या सायकलवरून डबे पोचवतो. मी सारे खरे सांगितले : घरी दोन रुग्ण आहेत, दोन वेळचा मऊ भात, वरण, भाकरी हवी आहे, जमेल काय? पलीकडे थोडी शांतता होती. मग त्या बाई म्हणाल्या, "दादा, जमेल. फक्त डबे परत देऊ नका. आम्ही पत्रावळी-द्रोणातच बांधून देऊ."

म्हणजे आता परक्या घराचे अन्न सुरक्षित होते आणि ज्या घरी ते जात होते ते घर धोक्याचे होते. आता पिशवी आम्ही धुवायची नव्हती. पिशवी घेऊन येणाऱ्याने आमच्या फाटकाची कडी धुवायची होती. तो मुलगा दोन्ही वेळा येई, फाटकाला पिशवी अडकवी, दोनदा घंटी वाजवी आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राही. निघून जात नसे. आक्का किंवा भाऊजी बाहेर येऊन पिशवी घेईपर्यंत थांबे. हे त्याला कोणी सांगितले नव्हते. संध्याकाळी मी पैशांसाठी फोन केला की तो आपणहून सांगे, "आज आजी आल्या होत्या. काल्हापेक्षा बऱ्या दिसल्या." किंवा, "आज बाबा आले. भिंतीला धरून चालत होते." धुळ्यात आमचे नातलग होते, स्नेही होते, पण त्या दिवसांत माझ्या बहिणीला रोज डोळ्यांनी पाहणारा माणूस एकच होता, आणि तो डबा आणणारा होता.

सातव्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. "दादा, घंटी वाजवली, हाका मारल्या, कोणी आलं नाही. दार उघडं दिसतंय." मी शेजाऱ्यांना फोन लावला. त्यांनी खिडकीतून पाहिले. भाऊजी ग्लानीत होते. आक्काच्या बोटाला यंत्र लावले तेव्हा प्राणवायूचे प्रमाण पंच्याऐंशीच्या खाली उतरले होते. धावपळ करून दोघांना रुग्णालयात नेले. आक्का नऊ दिवसांनी घरी आली, भाऊजी त्याआधीच. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळ झाली असती तर अवघड होते. त्या दिवसाचा भात फाटकावरच टांगलेला राहिला. तो कोणी खाल्ला नाही. पण माझ्या बहिणीला त्या दिवशी वाचवले ते त्या भातानेच, असे मी मानतो.

मे महिन्यात त्या खानावळीचे दार आठवडाभर बंद राहिले. दोघा नवरा-बायकोंना ताप होता. लागण कुठून झाली हे कोणाला सांगता येणार? बाजारातून, गिऱ्हाइकाकडून, शेजारून, कुठूनही. आक्का मात्र त्या कडीचा विचार करीत बसली. मग एके दिवशी अशक्त हातांनी तिने मुगाची पातळ खिचडी केली आणि त्यांच्याकडे पोचती केली. आता तुमच्या घरचे खावे की नाही, असे त्यांनी विचारले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी करोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. आता तो काळ आपण विसरत चाललो आहोत, आणि ते स्वाभाविक आहे. पण साथी येतच राहणार. आणि साथ आली की हा प्रश्न पुन्हा येणार. त्याचे एकच एक उत्तर पाठ करून ठेवण्यात अर्थ नाही. पहिल्याने विचारायचे ते हे, की हा रोग कोणत्या वाटेने येतो? जुलाब-वांतीचा नोरोव्हायरस, काविळीचा एक प्रकारचा विषाणू हे अन्नपाण्यातून येतातच. तेव्हा कच्च्या चटण्या, कापून ठेवलेली फळे आणि अनोळखी पाणी यांपासून दूर राहणेच बरे. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला गियाँ-बारे या मज्जासंस्थेच्या आजाराचे रुग्ण एकदम वाढले, तेव्हा संशय पाण्यावर गेला, आणि पाणी उकळून प्या, अन्न नीट शिजवून खा असेच सांगावे लागले. त्या वेळी आजीचा सिद्धांत बरोबर होता. रोग श्वासाचा असेल तर मात्र कढत रस्सा खुशाल आणावा, आपल्या भांड्यात ओतून पुन्हा एक उकळी द्यावी, पिशवी टाकून हात धुवावेत आणि जेवावे. फक्त दुकानाच्या फळीशी गर्दी करू नये, सुटे पैसे तयार ठेवावेत, आणि आपल्याला ताप असेल तर आणणाऱ्याला ते आधी सांगावे. हे शेवटचे पथ्य सर्वांत महत्त्वाचे, आणि पाळायला सर्वांत अवघड.

२०२० ची दिवाळी तुम्हाला आठवते? १४ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होते. फराळाची ताटे त्या वर्षी फारशी फिरली नाहीत. शेजारच्या घरचा चिवडा आपल्यापेक्षा बरा झाला आहे, हे कळण्याचे दुःखही त्या वर्षी वाट्याला आले नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आले, की दिवाळीचा फराळ म्हणजे दुसरे काय असते? परक्या चुलीचेच अन्न. कोणाच्या हातची चकली, कोणाच्या घरचा अनारसा. आपण तो कसा केला, कुठे केला हे न पाहता खातो, कारण ज्यांनी केला त्यांना आपण ओळखतो. मावशींना आणि त्या सायकलवाल्या मुलाला आता आम्ही ओळखतो. आमच्या घरचे ताट त्यांच्याकडे जाते आणि रीतीप्रमाणे ते रिकामे परत येत नाही.

यंदाही तुमच्या दाराशी कोणी ताट घेऊन येईल, कोणी पार्सलची पिशवी घेऊन येईल. ती हातात घेताना मावशींनी आम्हाला विचारले तेच त्यालाही विचारा : घरी सगळी बरी आहेत ना? आणि त्याने उत्तर दिले, की ते ऐकून घेण्याइतके दारात थांबा.